शेंदरीला सांगितलेली नावं

चिमूट बुडाली.

बुडायला नको होती. लोणखेड्याच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पहिल्या वर्षाची पोरं गेल्यावर आणि दुसऱ्या वर्षाची यायच्या आधी जी दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यात भरत वसावेनं काचेच्या बीकरमध्ये नळाचं पाणी घेतलं. पुडीतली लाल भुकटी दोन बोटांत धरून वरून सोडली. भुकटी क्षणभर पाण्यावर थांबली आणि एकदम काहीतरी काम आठवल्यासारखी सरळ तळाला गेली. नळाचं पाणी जड असतं, त्याचा परिणाम असेल, म्हणून त्यानं डिस्टिल्ड वॉटर घेतलं. त्यातही ती बुडाली, फक्त जास्त स्वच्छपणे बुडाली. मग त्यानं बर्नर पेटवून त्याच्यावर चिमूट उधळली. खरी शेंदरी ज्योतीवर पडली की भपकन वीज चमकावी तशी पेटते. ही पेटली नाही. जाळीवर बसून राहिली आणि गरम झाली. विटेसारखी, असं त्याच्या मनात आलं. मग त्या 'सारखी'पाशी तो अडखळला, कारण समोरची वस्तू विटेसारखी नव्हती. ती वीटच होती. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पण तो नऊ वर्षं प्रयोगशाळा सहायक होता आणि एवढ्या वर्षांत इथे काही सिद्ध झालेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

पुडीवर त्याच्या बापाचा फोटो होता. होळीच्या वेशातला. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे, अंगभर राखेचे ठिपके, आणि चेहऱ्यावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तो सोशिकपणा. खाली लिहिलेलं : 'अस्सल कपिला चूर्ण. गजकर्ण, नायटा, खरूज यांवर. सातपुड्याचे राजवैद्य जामसिंग यांच्या हातचे.' जामसिंगला, म्हणजे आबाला, राजवैद्य हा शब्द कळला असता तर त्यानं विचारलं असतं, कुठल्या राजाला झालंय? कारण आबाचा औषधाबाबतचा पहिला प्रश्न नेहमी तोच असे : कोणाला? काठी गावाच्या पुढे दोन डोंगर ओलांडल्यावर त्यांचा पाडा, पाड्याच्या वरच्या अंगाला शेंदरीची सात झाडं. शहरात तिला कपिला म्हणतात, वर डोंगरात नुसतं शेंदरी. होळीच्या सुमाराला तिची बारकी फळं पिकून लाल होतात. तो लाल रंग फळाचा नसतो, फळावर बसलेल्या भुकटीचा असतो. टोपलीत फळं घालून हलकेच घोळवली की खाली अंथरलेल्या फडक्यावर भुकटी पडते. मोहाच्या तेलात कालवून लावली की गजकर्ण जातं. पण आबा फळ तोडायच्या आधी झाडाच्या बुंध्यावर तळवा ठेवायचा आणि रोग्याचं नाव झाडाला सांगायचा. नाव सांगितल्याशिवाय शेंदरीला हात लावायचा नाही, ही घरातली रीत. झाडाला माहीत पाहिजे ना, आपण कोणाच्या अंगावर जाणार आहोत. नंतर पितळेच्या ताटलीत पाणी घेऊन चिमूट टाकायची. तरंगली तर खरी. आणि तिसरी गोष्ट, जी सगळा पाडा धरून होता : शेंदरीवाल्याच्या घरात गजकर्ण येत नाही. आलं तर समजायचं, त्या घरात कोणीतरी झाडाशी खोटं बोललंय.

भरतला गजकर्ण श्रावणात आलं होतं.

कमरेवर, डाव्या बाजूला, पट्ट्याच्या खाली. आधी रुपयाएवढं. त्यानं मेडिकलमधून ट्यूब आणली, ते गेलं, आणि दोन आठवड्यांनी बशीएवढं होऊन परत आलं. मध्ये कुठे गेलं होतं ते त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या ट्यूबनंतर ते पाठीकडे सरकलं. आता फेब्रुवारी संपत आला होता आणि त्याचा आकार नंदुरबार जिल्ह्यासारखा झाला होता. उत्तरेला जरा खडबडीत, दक्षिणेला सपाट, आणि सगळी वर्दळ कडेकडेनं. खाज अशी यायची की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, नुसते ओठ हलताना दिसायचे. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर बसणारा जगदीश, बाजूच्या गावचा केळीवाला पाटील, नऊ वर्षांचा डबा-सोबती, त्यालाही नाही. जगदीशची कातडी एवढी नितळ होती की त्याच्यासमोर असल्या गोष्टी काढायलाच लाज वाटावी. जगदीशनं एकदा विचारलं होतं, "भरत्या, तू कमरले मोबाइल बांधेल शे का? सारखा हात जास तठे." भरत म्हणाला होता, घामोळं आहे. डिसेंबरात.

आबाकडे जाणं सोपं होतं. एसटीनं मोलगी, मग जीप, मग पाय. पण आबा विचारणार, कोणाला? आणि भरत म्हणणार, मला. आणि मग त्या दोघांच्या मध्ये ती तिसरी गोष्ट येऊन बसणार. म्हणून त्यानं ज्या माणसानं आयुष्यात नाव सांगितल्याशिवाय शेंदरी घेतली नव्हती त्यानं करू नये असा प्रकार केला. शहाद्याला चुनीलालच्या जडीबुटीच्या दुकानात जाऊन बिननावाची पुडी विकत घेतली. तीन आठवडे खोबरेल तेलात कालवून कमरेला लावली. बापाच्या हातची म्हणून श्रद्धेनं लावली. चौथ्या आठवड्यात त्याला ताटली आठवली.

चुनीलालचं दुकान एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. हिरडा, बेहडा, मुरूडशेंग, गुळवेल, आणि गल्ल्याच्या मागे आबाचा तोच फोटो मोठा करून, फ्रेममध्ये, खाली उदबत्ती. जिवंत माणसाला उदबत्ती लावलेली बघून भरतला पहिल्या वेळी बरं वाटलं होतं. आज त्या धुराकडे बघताना त्याला वाटलं, याला काहीतरी माहीत असणार, उगाच कोणी कोणाला जिवंतपणी ओवाळत नाही. एसटीतून येताना त्यानं सगळं बोलणं तयार केलं होतं. तू माझ्या बापाच्या नावावर वीट विकतोस. डोंगरातल्या माणसाचा चेहरा वर आणि आत भट्टीचा चुरा. वाक्यं चांगली झाली होती, एकदोन तर वर्तमानपत्रात छापण्यासारखी.

"या या, भरतशेठ! कितला दिनमा उनात! बठा, चहा सांगस."

"चुनीलालशेठ, ही पुडी."

"कपिला शे. तुन्हाच बापना फोटो शे त्यावर, वळखू नही उना का?"

"ही बुडते."

"काय करस?"

"पाण्यात बुडते. कपिला तरंगते."

चुनीलालनं चष्मा वर केला. "तुले ती पव्हाले लावनी शे का आंगले लावनी शे?"

"तिच्यात वीट आहे, शेठ. तिच्यात वीट नाही, ती वीटच आहे. तुम्ही माझ्या बापाच्या नावावर..." इथून पुढची तयार वाक्यं होती, पण खाज आली आणि त्याचा हात पट्ट्याखाली गेला. वाक्य तिथेच राहिलं. चुनीलाल चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो सावकाश उठला, आतून एक गोणी ओढत आणली आणि भरतच्या पायाशी उभी केली. गोणीचं तोंड पळसाच्या मुळ्यांच्या दोरीनं बांधलेलं होतं. दोन वेढे, मध्ये बारीक लाकडाची खुटी, आणि वरून उलटा फास. ही गाठ अख्ख्या सातपुड्यात एकच माणूस बांधतो, कारण त्याच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी कुऱ्हाडीनं गेली होती आणि तिच्याशिवाय गाठ बांधायची म्हटलं की अशीच बांधावी लागते.

"हाई गाठ कोनी शे, सांग."

भरतचं बोट त्या खुटीवर गेलं.

"तोंड बांधेल शे. वरथीन जशी येस तशी मी सोडस, पुडीसमा भरस. मन्हा हात लागस तो फक्त पुडीनी चिकटपट्टीले. ले, तूच सोड."

त्यानं सोडली. त्याला ती सोडता येत होती. लहानपणी ती सोडणं हा त्याचा खेळ होता. चुनीलालच्या पाणी प्यायच्या तांब्यात त्यानं चिमूट टाकली. ती बुडाली. चुनीलालनं तांब्यात डोकावून पाहिलं आणि खरोखरच्या कुतूहलानं म्हणाला, "बुडनी भो." मग थोडं थांबून, "पन गुन येस लोकेसले. खोटं नही सांगत. मागला महिनामा एक बाई उनी, सांगे पोरनं खरूज गयं." मग आणखी थांबून, "तू कोनाकरता लई जायेल व्हता?"

"मित्रासाठी."

"मित्रले कोठे व्हयेल शे?"

"कमरेला."

"मंग तू काबर खाजाडी ऱ्हायना?"

मोलगीच्या एसटीत खिडकीपाशी बसून त्यानं ते उत्तर शोधलं, पण तोवर तळोदा मागे पडला होता. गुजरातेतून परतणारी माणसं गाडीत दाटली होती. उसाच्या तोडीवरून, बांधकामांवरून, होळीसाठी. कोणाच्या मांडीवर नवा स्पीकर, कोणाच्या मांडीवर नवं पोर. त्यांच्या अंगाला सिमेंटचा वास होता. विटांचा वास येतो का, हे हुंगायचा त्यानं प्रयत्न केला आणि शेजारची बाई सरकून बसली. त्याला वाटत होतं, गाठ चोरता येते. कोणीतरी आबाची गाठ शिकून घेतली असेल, करंगळी दुमडून. वाटेत कोणी गोणी बदलली असेल. जीपवाला असेल. असा एकेक माणूस तो उभा करत होता आणि प्रत्येकाला पाच डाव्या आणि पाच उजव्या बोटांसकट आडवा पाडत होता. कारण आबा असं करणार नाही, हे त्याला दोन अधिक दोन चार या चालीवर ठाऊक होतं. आबा म्हणजे तो माणूस, ज्यानं चुनीलालला पहिल्यांदा हात हलवत परत पाठवलं होतं.

भरत तेव्हा चौथीत. आश्रमशाळेला होळीची सुट्टी. चुनीलाल, तेव्हाचा बारीक चुनीलाल, जीपमधून आला आणि म्हणाला, शेंदरी पायजे, दहा गोण्या. आबा म्हणाला, कोणाला? चुनीलाल म्हणाला, कंपनीला. आबानं विचार केला आणि विचारलं, कंपनीला कुठे झालंय? चुनीलालनं समजावलं की कंपनी माणूस नसतो. आबा म्हणाला, मग तिला गजकर्ण कसं झालं? चुनीलाल गेला. पण तो हुशार माणूस होता, आणि त्याची चूक एवढीच की आबाला सहज फसवता येईल असं त्याला वाटलं. चार दिवसांनी तो परत आला तो शहाद्याच्या एका वॉर्डाची मतदार यादी घेऊन. छापील, शिक्का मारलेली. "हाई घ्या, जामसिंगभाऊ. ह्या समदासले व्हयेल शे." आबानं ती दोन्ही हातांनी घेतली. त्याला वाचता येत नव्हतं, पण एवढी माणसं एका गावात आजारी, हे बघून त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं भरतला हाक मारली. घरातला वाचता येणारा पहिला माणूस. आणि चौथीतला भरत शेंदरीखाली दगडावर बसून, आबाचा तळवा बुंध्यावर, आबाचे डोळे मिटलेले, झाडाला मतदार यादी वाचून दाखवू लागला. अनुक्रमांक एक, बन्सीलाल लोटन, पुरुष, वय बावन्न. अनुक्रमांक दोन, गजराबाई बन्सीलाल, स्त्री, वय सत्तेचाळीस. वय आणि लिंग गाळलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं तर आबा म्हणाला, सरकारनं लिहिलंय म्हणजे झाडाला लागत असेल.

हे आठवताना भरत हसला. खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचं हसू दिसलं आणि त्याच्याआडून डोंगर दिसला, आणि मग हसू राहिलं नाही. कारण त्या आठवणीला पुढे एक वळण होतं, जिथे तो सहसा उतरून जायचा. अकराशे चाळीस नावं होती. पहिल्या दिवशी दोनशे झाली. दुसऱ्या दिवशी घसा बसला. तिसऱ्या दिवशी खालच्या ओढ्यात पोरं खेकडे धरत होती आणि त्यांचा आवाज वर येत होता. पण चौथीतल्या पोराचं काय. आणि झाडाला काय. आणि आबा डोळे मिटून होता. इथे तो उतरला. मोलगी आली होती.

पाड्यावर पोचला तेव्हा ऊन उतरतीला लागलं होतं. घरापर्यंत पोचायच्या आधीच त्याला संडास दिसला. म्हणजे संडासाचं दार दिसलं. आठ वर्षांपूर्वी नोकरी नवीन असताना भरतनं स्वतः फॉर्म भरून, पंचायत समितीत खेटे घालून तो मंजूर करून आणला होता. पाड्यातला पहिला पक्का संडास. विटा खालून, तापीकाठच्या भट्ट्यांवरून, ट्रकनं मोलगीपर्यंत, तिथून जीपनं, आणि शेवटचा डोंगर बायामाणसांच्या डोक्यावरून. पूर्ण झाल्यावर फोटो काढायचा होता, तर आबा दारापुढे असा उभा राहिला जणू त्याला त्याच्या मालकीचा वाघ दाखवायला सांगितलं आहे. आत कोणी गेलं नाही. एवढं रान असताना चार भिंतींत कोंडून घ्यायचं कारण आबाला पटलं नव्हतं. पुढे त्यात मका ठेवायचे. आता भिंती नव्हत्या. तिन्ही बाजूंनी गुडघ्याएवढी वीट शिल्लक होती, आणि समोर पत्र्याचं दार आपल्या चौकटीत ताठ उभं होतं. दाराला बाहेरून कडी घातलेली होती.

भरत त्या कडीपाशी उभा राहिला. त्याला ती काढून आत जावं असं वाटलं. मागून ठक ठक आवाज येत होता. अंगणात याहा, त्याची आई फुलवंताबाई, उखळात मुसळ घालत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. शेजारी फडक्यावर लाल भुकटीची रास, सुरेख, एकसारखी. तिनं वर पाहिलं, हसली, आणि पोरगा आल्याच्या आनंदात दोन मुसळं जास्त घातली.

"आलास? होळीला आलास? बस, एवढी वीट संपवते."

एवढी वीट संपवते. तिनं ते असं म्हटलं, जसं एवढी भाकर थापते. त्याच्या कमरेवरचा सगळा जिल्हा एकदम पेटला. तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, खोबरेल तेलात कालवून, श्रद्धेनं, त्यानं स्वतः मंजूर करून आणलेला संडास स्वतःच्या अंगाला लावला होता. हे कोणाला सांगता येणार नाही. हे सांगायला दुसरा माणूसही असाच लागेल, ज्यानं हेच केलंय, आणि तसा माणूस कुठल्याच यादीत सापडणार नाही.

"याहा, तू हे काय कुटतेस?"

"मऊ आहे ना?" तिनं चिमूटभर त्याच्या तळव्यावर ठेवली. "दोनदा गाळते फडक्यातून. शेंदरीपेक्षा मऊ होते. तुझा आबा म्हणतो, दोन्ही शेजारी ठेवल्या तर त्यालाही कळत नाही."

आबा ओसरीत जमिनीवर बसला होता. होळीचं पाळायचे दिवस, त्यामुळे खाटेवर बसणं बंद. तो भोपळ्यांना दोरी ओवत होता, पुडीवरचेच भोपळे. भरत त्याच्यासमोर उभा राहिला. चुनीलालसाठी तयार केलेली वाक्यं अजून शिल्लक होती, पण ती मराठीत होती, आणि पाड्यावर पाय ठेवला की त्याची जीभ घरच्या बोलीवर उतरायची. त्या बोलीत त्याच्याजवळ एवढंच निघालं :

"आबा, तू वीट विकतोस."

"वीट तूच आणलीस."

"ती संडासाची होती!"

"मग काय झालं? कोण गेलं होतं त्यात?" आबानं दोरीचं टोक दातानं ओढलं. "स्वच्छ वीट आहे."

"लोक अंगाला लावतात, आबा. आजारी लोक."

"कोण लोक? नाव सांग."

भरतला नाव सांगता येईना. एक नाव होतं त्याच्याकडे. ते त्याच्या दातांच्या मागे येऊन उभं राहिलं आणि तिथेच राहिलं.

"बघ," आबा म्हणाला. "वरच्या पाड्याचा बाज्या आला, नाव सांगितलं, त्याला खरी दिली. मोलगीची मास्तरीण आली, तिला दिली. जो येतो, नाव सांगतो, त्याला देतो, ताटलीत दाखवून. चुन्या नाव आणत नाही. गोण्या मागतो. गोणीला गजकर्ण होत नाही. बिननावाची शेंदरी लावली काय आणि वीट लावली काय, एकच. मग झाड कशाला नागवू? पाखरांना राहू दे."

"तू नाही म्हणायचं होतंस मग."

"म्हटलं होतं. तो यादी घेऊन आला."

"पण यादीवर तरी तू खरी दिलीस ना?" भरतला स्वतःच्या आवाजातली विनवणी ऐकू आली. कुठेतरी एक वर्ष, एक गोणी, एक चिमूट तरी खरी निघाली पाहिजे होती, म्हणजे तिथून मागचा सगळा आबा वाचवता आला असता. "तेव्हा तरी?"

आबानं भोपळा खाली ठेवला. डोळे मिटले. आणि भरतनं त्या होळीनंतरच्या एकवीस वर्षांत त्याच्या तोंडून कधी न ऐकलेल्या सुरात, शाळेतल्या पोराच्या, ओढून ओढून वाचण्याच्या सुरात तो म्हणाला :

"तुळशीबाई दोधू, स्त्री, वय एकसष्ट."

अंगणातलं मुसळ थांबलं.

"चार खेपा," आबा म्हणाला. "पहिल्या खेपेला मी झाडाला सांगितलं. दुसऱ्या खेपेला मला वाटलं, नावाची बाई दुसरी असेल. तिसऱ्या खेपेला वाटलं, बिचारीला फार झालं असेल, सरकारनं पुन्हा लिहिलं. चौथ्या खेपेला डोळे उघडले. तू कागदाकडे बघत नव्हतास. ओढ्याकडे बघत होतास, आणि तोंड चालू होतं. मग तू तुझ्या शाळेतल्या पोरांची नावं घेतलीस. मग दिवसांची. सोमवार, पुरुष, वय तीस."

अकराव्या पानावर सगळ्यात वर होती तुळशीबाई. नाव म्हणायला बरं वाटायचं, म्हणून ती पुन्हा पुन्हा यायची. सोमवार पुरुष, हे मात्र भरतला आठवत नव्हतं. पण ते खरं असणार. असला विनोद तोच करू शकत होता. त्याला दगडाचा गार स्पर्श मांडीखाली जाणवला, यादीच्या शाईचा वास, आणि डोळे मिटलेल्या बापाचा तो शांत चेहरा, ज्याला आपण फसवतोय याची पोटातली गुदगुली. एवढी वर्षं तो चेहरा त्याच्याजवळ विश्वासाची खूण म्हणून होता. कुठेही काही खोटं दिसलं की तो मनात तो चेहरा काढून बघायचा. आता कळत होतं, त्या चेहऱ्याचे डोळे तेव्हा उघडलेले होते.

"मग बोलला का नाहीस? तेव्हाच?"

"कसा बोलू?" आबाला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "घरात वाचणारा तू पहिला. झाडासमोर तुला खोटं पाडू?" त्यानं भोपळा परत हातात घेतला. "तू वाचलंस तेवढी गोणी मी खरी भरली. तुझा शब्द म्हणून. नंतर चुन्याच्या गोणीसाठी झाडाला हात लावला नाही. आधी लाल माती भरायचो. ती लवकर काळवंडायची. मग तू विटा आणल्यास." आणि तो मनापासून म्हणाला, "वीट चांगली. रंग धरते."

याहानं पाणी आणून दिलं. तांब्याला तिच्या बोटांचे लाल ठसे. भरत पाणी प्यायला. तो भांडायला आला होता आणि भांडणाची त्याची बाजूच कोणीतरी उचलून नेली होती, तिन्ही भिंतींसकट. राहिलं होतं ते फक्त दार, कडी लावलेलं.

"आता तू का आलास?" आबानं विचारलं. "चुन्याची वीट बुडते हे सांगायला दोन डोंगर चढलास?"

"शेंदरी पाहिजे होती. खरी."

"कोणाला?"

वर शेंदरीची झाडं उन्हात लालसर दिसत होती. खालच्या पाड्यातून ढोल तापवून बघायचा आवाज येत होता, एकच ठोका, मग बराच वेळ काही नाही. भरतचा हात पट्ट्याखाली होता. केव्हा गेला होता कोण जाणे. आबा त्या हाताकडे बघत होता. मग आबानं नजर तिथून उचलली आणि नीट, काळजीपूर्वक, एखादं भरलेलं भांडं ठेवावं तशी दुसरीकडे नेऊन ठेवली. हे घर. या घरात येत नाही. आलं तर या घरात कोणीतरी. एक शब्द बोलायचा होता, आणि तो त्याचं स्वतःचं नाव होतं, जे आबानंच ठेवलं होतं.

"जगदीश," भरत म्हणाला. "माझ्याबरोबर काम करतो."

"जगदीश."

"हो."

"पुन्हा विचारतो. जगदीशलाच?"

"हो, आबा."

आबा उठला. शेंदरीपाशी गेला, भरत त्याच्यामागे. तोच दगड तिथे होता, आता बसायला लहान वाटणारा. आबानं चार बोटांचा हात बुंध्यावर ठेवला, डोळे मिटले, आणि एकवीस वर्षांपूर्वी लागलेल्या वळणानं झाडाला सांगितलं, "जगदीश, पुरुष, वय?"

"एकतीस."

"वय एकतीस." मग थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. आणखी कोणी असेल तर सांग, अशा बेतानं. भरतनं ओढ्याकडे बघितलं. ओढ्यात पाणी नव्हतं.

आबानं फळं तोडली, टोपलीत घोळवली, ताटलीत चिमूट टाकून दाखवली. तरंगली. पळसाच्या पानात बांधून, खुटी आणि उलटा फास घालून, पुडी भरतच्या हातात दिली. "त्याला म्हणावं, मोहाच्या तेलात," तो म्हणाला. "त्याला."

शुक्रवारी, पहिल्या वर्षाची पोरं गेल्यावर, भरतनं बीकरमध्ये नळाचं पाणी घेतलं आणि चिमूट सोडली. एकही कण खाली गेला नाही. पाण्यावर लाल साय धरल्यासारखी शेंदरी पसरली आणि हललीसुद्धा नाही. एवढं खरं त्यानं या टेबलावर कधी पाहिलं नव्हतं. त्यानं शर्ट वर केला, पट्टा सैल केला, बोट शेंदरी कालवलेल्या मोहाच्या तेलात बुडवलं. मग बोट तसंच हवेत राहिलं. नऊ वर्षं विज्ञानाच्या खात्यात काढूनही ते बोट पुढे जाईना. झाडाला जे नाव सांगितलंय त्याच्याच अंगावर ती जाणार. आणि ते नाव त्यानं स्वतः, दोनदा विचारल्यावर, दिलं होतं. त्यानं बोट पुसलं. पट्टा आवळला.

"काय शे रे हाई?" जगदीश डबा घेऊन आत आला होता.

"तुझं आहे," भरत म्हणाला आणि पळसाच्या पानाची पुडी त्याच्या टेबलावर ठेवली. "आबानं दिलंय. गजकर्णावर."

"मन्हं?" जगदीशनं बाही वर करून हात उलटासुलटा करून पाहिला, मग दुसरा, मग वाकून पोटऱ्या. सगळीकडे दुधासारखी कातडी. "माले तर काहीच नही व्हयेल शे."



"हो," भरत म्हणाला. "म्हणजे गुण आला."

आणि त्याचा हात पुन्हा कमरेकडे गेला.